एका तळ्याचा चित्रकार

डोंगरदऱ्या नाहीत, समुद्र नाही, बर्फ तर नाहीच. मग निसर्गचित्र काढायचं तरी कशाचं? कोल्हापूरच्या अबालाल रहिमान यांनी घराजवळचं तळं काढलं. मग पुन्हा तेच काढलं. आयुष्यभर काढत राहिले.

तुमच्या वर्गात चित्रं काढणारं कुणीतरी असेलच. त्याची किंवा तिची स्केचबुक एकदा मागून घ्या आणि पानं उलटा. पहिली दोन-चार निसर्गचित्रं हमखास अशी असतील: मागे बर्फाचे डोंगर, पुढे निळंशार तळं, काठावर सरळसोट पाइनची झाडं आणि एक लाकडी केबिन. यूट्यूबवर शिकवतात तेच. गंमत अशी, की आर्वी, देवळी, हिंगणघाटच्या या पोरापोरींनी ना पाइन पाहिलाय, ना बर्फ. घरून कॉलेजला येताना त्यांना वाटेत बाभळी लागतात, पळस लागतो, तुरीची आणि पऱ्हाटीची वावरं लागतात. ती मात्र वहीत नसतात. का नाहीत म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. आपल्याकडे काढण्यासारखं आहेच काय!

या उत्तरावर वाद घालण्यापेक्षा एका माणसाची गोष्ट सांगितलेली बरी. त्यासाठी जरा लांब जावं लागेल. गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्ध्याला पकडली की दुसऱ्या दिवशी कोल्हापूर येतं. आपल्याकडून तिकडे जाणारे अंबाबाईचं दर्शन घेतात, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात, रंकाळ्यावर भेळ खातात, पन्हाळ्यावर फोटो काढतात आणि परत फिरतात. त्याच शहरात शाहू मिलच्या शेजारी कोटितीर्थ नावाचं एक तळं आहे. टुरिस्ट लोकांच्या यादीत ते सहसा नसतं. पण मराठी मुलखातली काही सगळ्यात सुंदर निसर्गचित्रं याच तळ्याच्या काठावर जन्माला आली.

बोरूच्या घरातला मुलगा

अबालाल यांचा जन्म १८६० च्या आसपास कोल्हापुरात झाला. घर गरीब, पण अक्षरांचं. वडील लेखनिक होते. कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणं हे त्यांचं काम. छापखाने वाढत चालले होते, तरी हातानं लिहिलेल्या पोथीचा मान गेला नव्हता.

हे काम म्हणजे नुसतं उतरवून काढणं नव्हे. बोरूचं टोक कसं कापायचं, शाई किती घट्ट ठेवायची, ओळ कुठे संपवायची, पानाच्या कडेला किती जागा मोकळी सोडायची, या सगळ्याचं एक शास्त्र असतं. धर्मग्रंथाच्या पानावर माणसाचं किंवा प्राण्याचं चित्र येत नाही. म्हणून सगळी हौस वेलबुट्टीत आणि अक्षरांच्या वळणात उतरते. लहानपणी हे रोज समोर बघणाऱ्या मुलाचा हात आपोआप तयार होतो. एका जागी तासन् तास बसण्याची सवयही लागते, आणि ती पुढे फार कामाला येते.

एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीनं या मुलाची चित्रं पाहिली आणि त्याला मुंबईचा रस्ता दाखवला, अशी हकीकत सांगितली जाते. एवढं नक्की, की १८८० च्या दशकात अबालाल मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होते. कोल्हापुरात रेल्वे आली १८९१ मध्ये, म्हणजे तोवर मुंबई गाठणं ही आजच्यासारखी रात्रीची बस पकडण्याची गोष्ट नव्हती. आजही कलाशाखेचं नाव काढलं की कितीतरी घरांत वातावरण तंग होतं. तेव्हा कोल्हापुरातल्या गरीब मुसलमान घरातल्या मुलानं चित्रकला शिकायला मुंबईला जाणं केवढं धाडसाचं असेल, याची कल्पना करा.

जे. जे. मध्ये काय शिकवायचे?

जे. जे. सुरू झालं १८५७ मध्ये. अभ्यासक्रम सगळा विलायती वळणाचा. आधी प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून रेखाटन करायचं. छायाप्रकाश जमला की मग खरा माणूस. यथार्थदर्शन, म्हणजे लांबची वस्तू लहान का दिसते आणि किती लहान दिसते, याचे नियम घोटून घ्यायचे. जॉन ग्रिफिथ्स हे तिथलं मोठं नाव. त्यांच्या देखरेखीखाली जे. जे.चे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत. ते काम १८७२ पासून १८८५ पर्यंत चाललं.

या शाळेत अबालाल नुसते पास झाले नाहीत, चमकले. त्यांच्या रेखाटनाला पदक मिळालं. हुबेहूब काढणं ही त्या काळातली सगळ्यात मोठी कमाई होती, आणि ती त्यांच्या हातात होती. संस्थानिकांचे दरबार, पारशी शेठजी, इंग्रज साहेब, सगळ्यांना पोर्ट्रेट हवी असत. राजा रविवर्म्याचं नाव देशभर गाजत होतं. मुंबईत राहिले असते तर अबालाल यांना कामाची ददात पडली नसती.

ते परत कोल्हापूरला आले.

दोन कोल्हापूरकर

इथे आणखी एका कोल्हापूरकराची आठवण काढायला हवी. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म १८६७, कोल्हापूरच. तेही जे. जे. मध्ये गेले, १८९० मध्ये. पण धुरंधर परत आले नाहीत. विद्यार्थी म्हणून आत शिरलेला हा माणूस तिथेच शिक्षक झाला, संस्थेच्या अगदी वरच्या खुर्चीपर्यंत पोचला, रावबहादूर झाला. पुस्तकांची चित्रं, पोस्टकार्डं, पोस्टर, भव्य ऐतिहासिक प्रसंग, त्यांनी काय काय केलं नाही! जे. जे. मधल्या आपल्या ४१ वर्षांवर त्यांनी मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं. धुरंधरांबद्दल आपल्याला इतकं माहीत आहे, कारण ते मोठ्या शहरात होते, छापखान्यांच्या जवळ होते, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलं.

अबालाल यांनी असं काही मागे ठेवलं नाही. नक्की जन्मसालाबद्दलसुद्धा मतभेद आहेत. गावाकडे परतणाऱ्या माणसाची नोंद अशीच पुसट होत जाते. दोघांपैकी कोण बरोबर, कोण चूक, हा प्रश्न इथे नाही. धुरंधर मुंबईत राहिले म्हणून त्यांच्या हाताखालून विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. आणि अबालाल कोल्हापुरात आले म्हणून एका तळ्याला चित्रकार मिळाला.

तेच तळं, रोज नवं

कोटितीर्थ हे काही रानावनातलं सरोवर नव्हे. गावाच्या कडेचं तळं. काठाला महादेवाचं देऊळ, झाडी, आजूबाजूला वस्ती. १९०६ मध्ये शेजारीच शाहू मिल उभी राहिली. अबालाल या परिसरात एखाद्या फकिरासारखे राहत. घरदार, मानमरातब, पैसा यांचा सोस नव्हता. बरोबर रंग, कागद आणि बसायला काठ.

तळं काढणं सोपं वाटतं. एकदा करून बघा म्हणजे कळेल. पाण्याला स्वतःचा रंग नसतोच. आभाळाचा, झाडांचा, तळाच्या गाळाचा असे सगळे रंग त्यात मिसळतात. प्रतिबिंब म्हणजे वरचं चित्र नुसतं उलटं करून खाली चिकटवलेलं नसतं. उजळ भिंत पाण्यात थोडी काळवंडते, काळी झाडी पाण्यात थोडी उजळते. वाऱ्याची झुळूक आली की त्या प्रतिबिंबातून एक फिकट आडवी रेघ फिरून जाते. सकाळी साडेसहाला जे दिसतं ते सात वाजता गेलेलं असतं. म्हणजे चित्रकाराच्या हातात असतात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. उरलेलं आठवणीतून काढायचं, नाहीतर उद्या त्याच वेळेला परत यायचं.

अबालाल परत येत. म्हणून त्यांच्या चित्रांत कोटितीर्थ एक नाही, अनेक आहेत. कधी सकाळच्या धूसर हवेतलं, कधी उतरत्या उन्हातलं, कधी पावसाळी आभाळाखालचं. जलरंग, अपारदर्शक रंग, तैलरंग, सगळी माध्यमं त्यांना वश होती. सुरुवातीच्या कामात जे. जे.ची शिस्त स्पष्ट दिसते. पानन् पान, दगडन् दगड जागच्या जागी. पुढे पुढे मात्र ते तपशील सोडत गेले. रंगाचे छोटे छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेवायचे आणि ते एकत्र करायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं. जवळून बघाल तर नुसते ठिपके. दोन पावलं मागे सरकलात की पाणी हलायला लागतं.

युरोपात याच गोष्टीला इम्प्रेशनिझम म्हणत होते. योगायोग बघा. फ्रान्समध्ये क्लोद मोने हा चित्रकार १८८३ मध्ये जिव्हेर्नी नावाच्या गावात राहायला गेला. तिथे त्यानं बागेत तळं केलं, त्यात कमळं लावली, आणि १९२६ मध्ये मरेपर्यंत त्या तळ्याची अडीचशेच्या आसपास चित्रं काढली. आज जगभरचे लोक तिकीट काढून ते तळं बघायला जातात. त्याच वर्षांत आपला एक माणूस कोल्हापुरात तळ्याकाठी बसून जवळजवळ तेच करत होता. दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. पण पाण्याकडे रोज, वर्षानुवर्षं बघत राहिलं की हात बहुधा एकाच ठिकाणी पोचतात.

आणि ते पाइनचं चित्र?

सुरुवातीला ज्या पाइनच्या चित्राबद्दल बोललो, ते आलं कुठून, तेही बघू. त्याचं मूळ अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पर्वतांत आहे. तिथल्या निसर्गचित्रकारांत टॉमस मोरान हे गाजलेलं नाव. जन्म इंग्लंडमधला, १८३७ चा. सात वर्षांचा असताना घरच्यांबरोबर अमेरिकेत आला. १८७१ मध्ये सरकारी भूगर्भ सर्वेक्षणाची एक तुकडी यलोस्टोनच्या खोऱ्यात निघाली, तिच्याबरोबर तोही गेला. त्याआधी तो घोड्यावर कधी बसलेलाही नव्हता. सोबत विल्यम हेन्री जॅक्सन हा फोटोग्राफर होता. गरम पाण्याचे झरे, पिवळ्या कड्यांची खोल दरी, धबधबे यांची मोरानने जागेवर छोटी छोटी जलरंगचित्रं केली.

ही चित्रं आणि जॅक्सनचे फोटो अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना दाखवले गेले. १ मार्च १८७२ ला कायदा झाला आणि यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान ठरलं. मोरानचं सात फूट बाय बारा फुटांचं अवाढव्य तैलचित्र काँग्रेसनं १० हजार डॉलर्सना विकत घेतलं, पण ते त्यानंतर. कायद्याआधी फिरली होती ती मांडीवर मावतील एवढी चित्रं.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. तो प्रदेश काही रिकामा नव्हता. शोशोनी, क्रो, बॅनॉक अशा अनेक जमातींची तिथे पिढ्यान् पिढ्या ये-जा होती. पुढे त्यांनाच त्या उद्यानाबाहेर ठेवलं गेलं. पण चित्रांमुळे लोकांच्या मनात ठसली ती माणूस नसलेली, कोरीकरकरीत, भव्य भूमी. तीच प्रतिमा कॅलेंडरांतून, पोस्टरांतून, टीव्हीवरच्या चित्रकलेच्या कार्यक्रमांतून फिरत फिरत आज आपल्या मोबाइलमध्ये आली आहे. म्हणजे हिंगणघाटची मुलगी जेव्हा पाइन काढते, तेव्हा ती कुणीतरी दुसऱ्यानं, दुसऱ्या मुलखात, दीडशे वर्षांपूर्वी पाहिलेलं काढत असते.

महाराज होते तोवर

अबालाल यांच्या आयुष्यात एक माणूस आला नसता, तर ही गोष्ट कदाचित आपल्यापर्यंत पोचलीच नसती. छत्रपती शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. कुस्ती, नाटक, संगीत, चित्र, जिथे गुण दिसेल तिथे हात देणारा राजा. त्यांनी अबालाल यांना दरबारी चित्रकार केलं. दरबारासाठी अबालाल यांनी व्यक्तिचित्रं केली, शिकारीचे प्रसंग रंगवले. पण महाराजांचं मोठेपण यात, की त्यांनी या माणसाला पगारी कारागीर करून टाकलं नाही. तळ्यावर बसायची त्याची मोकळीक शाबूत राहिली.

कोटितीर्थाशिवाय त्यांनी रंकाळ्याचा संध्यामठही रंगवला. पावसाळ्यात पाण्यात बुडणारी आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडी पडणारी ही दगडी वास्तू. रोज बघणाऱ्यालाच तिचा खेळ कळावा.

६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले. अबालाल तेव्हा साठीच्या घरात होते. कोल्हापुरात आजही सांगतात, की या दुःखात त्यांनी आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. ज्या तळ्यातून आली, त्याच तळ्यात. ऐकायला ही गोष्ट फार सुंदर वाटते, आणि तिथेच जरा सावध व्हायला हवं. कलावंतानं उपाशी राहावं, वेडं व्हावं, स्वतःचं काम स्वतः नष्ट करावं, अशा कथा आपल्याला आवडतात. मग त्याची चित्रं जपायची आपली जबाबदारी उरत नाही. गोष्टीत खरं किती, वाढवलेलं किती, ते बाजूला ठेवू. आयुष्यभर रोज काम करणाऱ्या या माणसाची आज फार थोडी चित्रं हाताशी आहेत, एवढं खरं. बाकीची पाण्यात गेली, की वाळवीच्या पोटात, की ओलीनं कुजली, नुकसान आपलंच झालं.

२८ डिसेंबर १९३१ ला कोल्हापुरात अबालाल यांचं निधन झालं.

मागे काय राहिलं?

कोल्हापुरात त्यांच्यामागून चित्रकारांची एक अख्खी फळी उभी राहिली. दत्तोबा दळवी त्यातले. आणि बाबूराव पेंटर, ज्यांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वतः कॅमेरा बनवला आणि मराठी सिनेमाला डोळे दिले. व्ही. शांताराम याच कंपनीतून बाहेर पडले. पडद्यावर उजेड कसा पसरवायचा हे ज्यांना कळलं, त्यांच्या गावात त्याआधीच एक माणूस पाण्यावरच्या उजेडाचा अभ्यास करत बसलेला होता. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्याच्या पायातला हा एक दगड.

आणखी एक गोष्ट राहिली. कोल्हापूर एके काळी तळ्यांचं गाव होतं. त्यातली कितीतरी बुजवली गेली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर भाजी मंडई आली, रावणेश्वराच्या जागी स्टेडियम. कोटितीर्थ उरलंय, पण जलपर्णी आणि सांडपाण्याशी झुंजत. ते कसं होतं, सकाळी त्याच्यावर कसला उजेड पडायचा, हे बघायचं तर अबालाल यांच्या चित्रांकडेच जावं लागतं. मोरानच्या चित्रांनी एक प्रदेश वाचवायला मदत केली. अबालाल यांच्या चित्रांनी तळं वाचलं नाही, पण काय गमावलं याचा पुरावा मात्र राहिला.

आता परत आपल्या जिल्ह्यात येऊ. सेवाग्रामच्या बापूकुटीत मातीच्या भिंतीवर मीराबेननं उठवलेली झाडं तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिली असतील. ती इथलीच झाडं आहेत. सय्यद हैदर रझा मंडला भागातल्या जंगलांत वाढले, नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकले, आणि जगप्रसिद्ध होण्याआधी त्यांनीही निसर्गचित्रंच केली. म्हणजे या मातीत काढण्यासारखं काही नाही, हे काही पटत नाही. पवनारला धाम नदीच्या पात्रातले काळे खडक आहेत. कापूस फुटल्यावरचं पांढरं वावर आहे, फाल्गुनात पेटलेला पळस आहे, बोरच्या धरणावरची संध्याकाळ आहे. एप्रिलमधलं दुपारी दोनचं ऊन आहे, ज्यात सगळे रंग धुऊन निघतात आणि जे काढायला भल्याभल्यांना जमत नाही.

बारावीनंतर नागपूर, मग पुणे-मुंबई, हा रस्ता तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मनात ठरवला असेल. जा, जरूर जा. अबालालसुद्धा आधी मुंबईला जाऊन शिकूनच आले होते. परत यायचं की नाही तेही ज्याचं त्यानं ठरवावं, कारण परत येण्याची किंमत काय असते ते त्यांच्या आयुष्यात दिसतंच. फक्त निघण्याआधी एक करून बघा. घराजवळची कुठलीही एक जागा निवडा. विहीर, पाझर तलाव, बसस्टँडमागचं चिंचेचं झाड, काहीही. महिनाभर रोज एकाच वेळी तिथे जा आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक चित्र काढा. चित्र येत नसेल तर चार ओळी लिहा. पहिले आठ दिवस कंटाळा येईल. नवव्या-दहाव्या दिवशी कधीतरी असं काहीतरी दिसेल, जे तिथून रोज जाणाऱ्या कुणालाच दिसलेलं नाही.

बघायचं असेल तर: कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात अबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. ही देखणी इमारत १८७६ मध्ये पूर्ण झाली. अंबाबाईच्या देवळापासून ती लांब नाही. पुढच्या वेळी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गेलात तर रस्सा जरा उशिरा खा आणि एक तास इकडे काढा. चित्रासमोर उभे राहा, मग दोन पावलं मागे सरका.